तिसऱ्या सीझनमध्ये नसलेला भाग

"असा भागच नाहीये, दादा," निकिता म्हणाली आणि भिजलेल्या बिस्किटाचा तुकडा चहात पडू नये म्हणून तिने तो घाईने तोंडात टाकला.

भांडायच्या सुरात म्हणाली असती तर अजिनाथला सोपं गेलं असतं. भांडणाला तो तयारच असायचा, त्यासाठीच तर ही मंडळी दर रविवारी सकाळी सावेडीतल्या या चहाच्या दुकानात जमत होती. पण ती सहज बोलली, दूध संपलंय असं सांगावं तशी. 'ध्रुवयान'चं वेड असलेले नगरमधले अकरा जण व्हॉट्सॲपवर होते आणि त्यातले जेमतेम तिघं प्रत्यक्ष यायचे: एमआयडीसीत मालाची तपासणी करणारा अजिनाथ, औषधांचं दुकान असलेले राधाकृष्णशेठ, आणि गेल्या दोन महिन्यांपासून ही निकिता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली. 'ध्रुवयान' ही परदेशी मालिका. अवकाशातले विझलेले दीपस्तंभ दुरुस्त करत हिंडणारं एक जहाज आणि त्यावरचे सात जण, एवढंच काय ते कथानक, पण ते अठ्ठावीस वर्षं आणि सोळा सीझन चाललेलं. मधे चार कप्तान बदलले, डॉक्टरीणबाई एकदा मेली आणि परत आली, आणि यातलं काय खरं मानायचं नि काय नाही यावर राधाकृष्णशेठांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. शेठांची श्रद्धा पहिल्या सीझनवर. त्यातल्या पुठ्ठ्याच्या भिंती हलायच्या, तेही ते कौतुकाने सांगत. निकिताचा जीव सातव्यावर. आणि अजिनाथचं मत एकच, वर्षानुवर्षं तेच. तिसऱ्या सीझनमधला, तोबी नावाचा खलाशी जहाजावर मागे राहतो तो भाग. त्याच्या तोडीचा भाग झाला नाही आणि होणार नाही.

"तिसरा सीझन मी परवा मुद्दाम परत बघितला," निकिता म्हणत होती. "बावीसच्या बावीस भाग. तुमचा तोबीचा भाग शोधतच बघत होते. तोबी दर भागात सगळ्यांबरोबर खाली उतरतो. एकटा कधीच राहत नाही."

"पण मलाही पाहिल्यासारखं वाटतंय बुवा," राधाकृष्णशेठ म्हणाले. आजवर अजिनाथने तो भाग सांगितला की ते डोळे मिटून मान हलवायचे, 'हो हो, फार छान होता तो' म्हणायचे. आता त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "अहो, तुम्ही इतक्यांदा सांगितलात, की मला वाटायला लागलं मीही बघितला."

निकिता हसली, शेठही हसले, आणि अजिनाथच्या पोटात आग पडली. ही आग त्याच्या ओळखीची होती. पहिल्या रविवारी ही पोरगी आली आणि तीन महिन्यांत सोळाच्या सोळा सीझन बघून झाले म्हणाली, तेव्हाच ती पेटली होती. तीन महिन्यांत! अंथरुणात लोळत, मोबाईलवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने, एकही भाग न चुकवता. त्याने 'ध्रुवयान' चिंध्या गोळा कराव्यात तसं गोळा केलं होतं. एक भाग कुठल्या दुकानाबाहेर उभं राहून, अर्धा आयटीआयच्या होस्टेलवर, एखादा शिर्डीच्या लॉजवर, मामाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. काही भागांचा शेवट त्याला आधी कळला आणि सुरुवात सहा वर्षांनी. त्याला वाटायचं, ज्याने कष्टाने मिळवलं त्याची मालकी मोठी. पण इथे उलटंच चाललं होतं. शेठ आता कुठलीही शंका निघाली की निकिताकडे वळत, आणि तिच्याकडे उत्तर असायचंच, सीझन, भाग, मिनिट. ती त्याला मानाने दादा म्हणायची, चहाचे पैसे द्यायला निघायची, आणि तिच्यात खोट काढायला जागा नव्हती याचाच त्याला जास्त राग होता. पोटदुखीला ओवा तरी असतो, या दुखण्याला काही नाही.

"हिंदीत होता तो," तो म्हणाला. "तेव्हा टीव्हीवर दाखवलेला. आता काढून टाकला असेल."

"सगळ्या भागांची यादी आहे, दादा. काढून टाकलेल्यांचीसुद्धा," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून तिचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही स्वतः बघितला होतात का?"

तिने मन राखायला विचारलं होतं हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "गोरक्षने बघितला. माझ्या भावाने."

आणि हे तर खरंच होतं. त्याने स्वतः तो भाग कधीच पाहिला नव्हता. गोरक्षने पाहिला होता, अजिनाथच्या वाटचा, आणि त्याच्या नाकावर टिच्चून. पाथर्डीकडच्या त्यांच्या वस्तीवर टीव्ही एकच, छगन मुकादमाच्या घरी, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रविवारी सकाळी वस्तीवरची सगळी पोरं तिथे ओट्यावर दाटीने बसायची. पण दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघायची. मुकादमाने उचल दिलेली सगळी जोडपी, त्यांचे कोयते, भांडी, कोंबड्या, लहान पोरं, सगळं ट्रकमध्ये. अजिनाथ त्या ट्रकमध्ये असायचा. गोरक्ष नसायचा. गोरक्ष तीन वर्षांनी थोरला, शाळेत हुशार, त्याचं वर्ष बुडायला नको म्हणून बाप त्याला बहिऱ्या आजाजवळ ठेवायचा. अजिनाथच्या वर्षाची पर्वा कुणाला नव्हती. ट्रक हलला की गोरक्ष बाभळीखाली उभा राहून हात हलवायचा, आणि दहा वर्षांच्या अजिनाथला एवढंच दिसायचं की याला आता सहा महिने रविवार आहेत. आपल्याला पहाटे तीनला उठून थंडीत मोळ्या वाहायच्या आणि हा ओट्यावर पुढची जागा धरून बसणार. साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अंगाला उसाची कूस लागून खाजत असताना तो रविवार मोजायचा. आज एक भाग गेला. आज दुसरा. गोरक्षने बघितला. त्या हेव्यात एक ऊब होती, हे त्याने कुणापाशी कधी कबूल केलं नाही. थंडीत माणसाला काहीतरी पेटतं लागतंच.

अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला टोळी परत यायची. मग पाझर तलावाच्या कोरड्या पात्रात दोघं भाऊ बसायचे आणि गोरक्ष चुकलेले भाग सांगायचा. भेगाळलेल्या मातीचे तुकडे मांडून जहाज करायचा, खड्यांची सात माणसं. बाकीचे भाग आता धूसर झाले होते, पण तोबीचा भाग अजिनाथला वाक्यावाक्याने पाठ होता. इंधन संपलेलं असतं. बर्फाच्या ग्रहावर उतरून सगळ्यांनी सहा महिने खणायचं असतं, आणि जहाजाचे दिवे सांभाळायला एकाने वर राहायचं. सर्वांत धाकटा खलाशी तोबी राहतो. त्याच्यासोबत एक जुना यंत्रमानव असतो, त्याला ऐकू येत नाही, तो दिवसातून दहा वेळा एकच विचारतो, 'दिवा लावला का?' तोबी रोज संध्याकाळी सात ताटं मांडतो. एकात जेवतो आणि सातही धुतो. 'सहा तर कोरडीच हायती, ती का धुतो?' असं अजिनाथने विचारलं तेव्हा गोरक्ष म्हणाला होता, 'धूळ बसती ना.' शेवटी सगळे परत येतात, काळवंडलेले, हातांना घट्टे पडलेले, आणि तोबीशी कुणी बोलत नाही. त्यांना वाटतं, याने सहा महिने आराम केला. भाग तिथेच संपतो. अजिनाथला तो शेवट फार आवडायचा. त्याच्या मते त्यांचं बरोबरच होतं. पुढे पंचवीस वर्षं, जिथे जिथे चार जण 'ध्रुवयान'वर बोलायला बसले तिथे तिथे त्याने हा भाग सांगितला आणि वर निकाल दिला, की तोबी आयतोबा होता. लोक तोबीची बाजू घ्यायचे आणि तो हिरिरीने भांडायचा.

"पुढच्या रविवारी मी यादी घेऊन येते," निकिता म्हणाली. तो उठला. शेठ बसा म्हणाले, दुसरा चहा सांगितलाय म्हणाले, पण त्याचं लक्ष नव्हतं. बाहेर येऊन तो मोटरसायकलवर बसला, किल्ली खाचेत घातली, आणि हात तसाच राहिला. किल्लीला काळा दोरा होता. त्याच्या बायकोने बांधलेला, हरवू नये म्हणून. अशीच काळ्या दोऱ्यातली किल्ली त्याने रोज पाहिली होती, सहा सहा महिने, तीन वर्षं. छगन मुकादमाची बायको चांगुणावहिनी तळावर त्यांच्या शेजारच्याच कोपीत राहायची. चुलीपुढे वाकली की तिच्या गळ्यातून ती बाहेर लोंबायची आणि ती पुन्हा आत सारायची. एकदा त्याच्या आईने विचारलं होतं, 'येवढी काय जपतीस गं?' आणि चांगुणावहिनी म्हणाली होती, 'घरात टीव्ही हाय बाई. मोकळं सोडून कसं भागंल?'

मुकादम टोळीबरोबर असायचा. मुकादमाशिवाय टोळी कशी असेल? मुकादमाची बायको असायची, पोरं असायची, आणि घराची किल्ली त्या तळावर असायची, दीडशे किलोमीटर दूर. म्हणजे टीव्ही कुलपात. दसऱ्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत त्या वस्तीवर एकही रविवार झाला नव्हता. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. उसातलं कुठलं कांडं किडकं हे लांबून ओळखणारा पोरगा तो, आता कारखान्यात केसाएवढा चरा हुडकून माल परत पाठवणारा माणूस, आणि त्याला एवढी साधी गोष्ट पंचवीस वर्षांत जुळवता आली नाही, कारण त्याला ती जुळायला नको होती. गोरक्षने काही पाहिलं नव्हतं. तोबीचा भागच काय, कुठलाच भाग नाही. एक पोरगा, एक बहिरा म्हातारा, आणि जोडपी गेल्यामुळे ओस पडलेली वस्ती. म्हातारा तिन्हीसांजेला ओरडून विचारायचा, 'दिवा लावला का रं?' हे तर अजिनाथलाही माहीत होतं. तोही त्याच म्हाताऱ्याचा नातू होता. मग त्याला त्या वेळी ऐकू का आलं नाही?

त्याला गोरक्षची कीव यायला हवी होती. ती आली नाही. आधी आला तो पुन्हा मत्सरच, आणि आपल्याच मनाची त्याला शिसारी वाटली. म्हणजे तो भागसुद्धा गोरक्षचाच! माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली गोष्ट, जी मी माझी म्हणून सांगत हिंडलो, ती त्याने खड्यांशी खेळता खेळता रचली. मला तसं एकही वाक्य कधी सुचलं नाही. आणि इथे त्याला ते आठवलं, जे तो आठवू देत नसे. मलाही सुचलं होतं. एकच वाक्य. भाग फुकट मिळायचे नाहीत. एक भाग सांगून झाला की गोरक्ष म्हणायचा, 'आता तू सांग. आई काय काय करायची तकडं?' आणि अजिनाथ खांदे उडवायचा. काय करणार, ऊस तोडायची. गोरक्ष खोदून खोदून विचारायचा. कुणाशेजारी झोपायची, गाणं म्हणायची का, तिला ताप आला होता तो कधी गेला. आणि शेवटी, तोबीचा भाग सांगून झाला त्या दिवशी, मातीच्या तुकड्याकडे बघत, 'माजं नाव काढायची का?' अजिनाथने सांगितलं होतं, 'न्हाई. कदीच न्हाई काढलं.' गोरक्षने मान हलवली आणि सातही खडे एकेक करून उचलून खिशात घातले. पुन्हा त्याने आईचं काही विचारलं नाही. पुढल्या वर्षी शाळाही सोडली. बापाने मारलं, आईने पाया पडून विनवलं, पण त्याने ऐकलं नाही, आणि तळावर मात्र कधी आला नाही. ज्याला शाळेसाठी मागे ठेवलं तो जीपवर ड्रायव्हर झाला आणि ज्याला उसात नेलं तो आयटीआय करून नगरला लागला. आईला हे शेवटपर्यंत उमगलं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हाही गोरक्ष खांदा देऊन जीप भरायला निघून गेला होता, आणि भाऊबंद म्हणाले होते, दगड आहे दगड.

घराकडे वळायच्या चौकात तो वळला नाही. भिंगार मागे पडलं, करंजीचा घाट चढून उतरला, आणि बाराच्या उन्हात तो पाथर्डीच्या स्टँडबाहेर पोचला. गोरक्षची जीप तिसगावच्या रांगेत पहिली होती. जीप भरल्याशिवाय हलत नाही. गोरक्ष दाराला टेकून गिऱ्हाईकं पुकारत होता, कानाजवळचे केस पांढरे झालेले, शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी.

"काय रं, सगळं बरं हाय ना?" त्याने विचारलं. धाकटा भाऊ न सांगता आला म्हणजे कुणीतरी मेलं असणार, असा त्याचा सूर.

"बरं हाय. बोलायचं हुतं."

"मंग म्होरं बस. चार शिटं झाल्यात, आजून सा लागत्यात."

अजिनाथ पुढे बसला. मागे एक म्हातारी मेथीच्या गाठोड्याला मिठी मारून बसली होती. गोरक्ष ड्रायव्हरच्या जागेवर येऊन बसला आणि खिडकीतून ओरडला, "तिसगाव, करंजी! तिसगाव!"

"त्यो तोबीचा भाग तू रचला हुतास."

"कोन तोबी?"

"ध्रुवयानमदला. सात ताटं धुतो त्यो."

गोरक्षने थोडा वेळ समोरच्या काचेतून बघितलं आणि मग त्याला हसू आलं. "आरं देवा. आजून ध्येनात हाय व्हय तुझ्या?"

"टीव्ही कुलपात हुता. किल्ली चांगुणावहिनीच्या गळ्यात हुती. मला आज उमगलं."

"आज?" गोरक्ष आणखी हसला. "लई लवकर उमगलं की. तिसगाव, तिसगाव! या मावशी, मागं सरा जरा." एक बाई लेकराला घेऊन चढली, तिच्यामागे दोघं तरणे. गोरक्ष पुन्हा आत वळला. "मंग काय सांगायचं हुतं तुला? मी आन् म्हातारा सा म्हैनं येकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलो, ह्ये? तू ट्रकातनं उतरायचास त्येच डोळं वटारून. म्हनलं, ह्याला कायतरी द्याया लागंल."

"मी जळायचो तुझ्यावर."

"ठावं हाय." गोरक्षने काचेवरचं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागला. "मीबी जळायचो. लई जळायचो. तुझ्यापशी आई हुती."

दोन शिटं आली. मग आणखी एक जण टपावर पोतं टाकून मागे लटकला. जीप भरली. मागून म्हातारी म्हणाली, "आवो डायवर, निगायचं का उतरू आमी?" गोरक्षने किल्ली फिरवली, आणि अजिनाथला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. जीपचा आवाज एवढा होता की त्याला जवळजवळ ओरडावं लागलं.

"दादा, आई नाव काढत न्हवती म्हनलं हुतं मी तुला. त्ये खोटं हुतं."

गोरक्षने गिअर टाकला. जीप रांगेतून बाहेर काढली.

"बेस्तरवारी बाजार भरायचा तकडं. आई गोडीशेव घ्यायची, दोन पुड्या. येक मला. येक तुझी. तुझी पदरात बांदायची आन् डब्यात ठिवायची, म्हनायची, कोन तरी गावाकडं जाईल त्याच्यासंगं धाडीन. कुनीच जायचं न्हाई. म्होरल्या बेस्तरवारी ती मऊ पडायची. मंग मला द्यायची आन् म्हनायची, ही गोरक्षाची हाय, त्याच्या वाटची तू खा. दर बेस्तरवारी. मी खायचो तुझी. आन् मला राग यायचा, ह्यो हितं न्हाई तरीबी ह्याची पुडी हायेच."

पाथर्डी मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरीची कापलेली रानं होती. मागचं लेकरू रडायला लागलं आणि त्याची आई त्याला खिडकीबाहेरच्या शेळ्या दाखवायला लागली. गोरक्षचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. अजिनाथ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला शिवी चालली असती, कानफटात बसली असती तरी चाललं असतं. गोरक्षने रस्त्यातला एक खड्डा चुकवला, मग दुसरा.

"गोडीशेव?" शेवटी त्याने विचारलं.

"व्हय."

"गुळाची का साखरंची?"

"गुळाची."

गोरक्षने मान हलवली, हळूहळू, दाद द्यावी तशी. मग त्याच्या मिशीत हसू फुटलं, पण डोळे समोर रस्त्यावरच होते. "ब्येस रचलंस," तो म्हणाला. "माझ्यापरीस चांगलं रचतोस तू."

"रचलं न्हाई, दादा. आईची शप्पत."

"बरं बरं."

"खरं सांगतोय मी. पदरात बांदायची ती. रोज झोपताना म्हनायची, आता गोरक्ष जेवला आसंल. मी ऐकलंय."

पंचवीस वर्षांपूर्वी गोरक्षने ते एक वाक्य ऐकताक्षणी खरं मानलं होतं, शपथ मागितली नव्हती, पुन्हा विचारलंही नव्हतं. आज अजिनाथकडे आईची शपथ होती, पदर होता, वार होता, गूळ होता, आणि त्यातलं काही उपयोगी पडत नव्हतं. त्याने भावाच्या दंडाला धरलं. जीप जराशी डगमगली आणि मागून कुणीतरी ओरडलं. गोरक्षने गाडी सावरली, त्याचा हात हळूच दंडावरून काढून त्याच्याच मांडीवर ठेवला, आणि समोरून येणाऱ्या एसटीला वाट देण्यासाठी वेग कमी केला.

"आसू दे," तो म्हणाला. "रचल्यालंबी चालतंय मला. आजून तिसगाव लांब हाय. म्होरं सांग, आई काय म्हनायची?"